दुर्बिणीची बैठक

दुर्बीण बनवतोय म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. आरसा केवढा? दुसरा, किती लांबचं दिसतं? त्यापुढे कुणी गेलंच तर किंमत विचारतं. ती दुर्बीण बसणार कशावर, हे मला आजवर एकाच माणसाने विचारलं. आमच्या आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. चाळीस वर्षं त्यांनी येवल्यात पैठणी विणली. आकाशाशी त्यांचा संबंध संक्रांतीच्या पतंगापुरता.

"आरसा दाखवलास, छान आहे," ते म्हणाले होते. "पण त्याची बैठक काय?"

त्याला उत्तर नव्हतं म्हणूनच आरसा तीन वर्षं कपाटात होता. बारा इंची, म्हणजे ३०० मिलिमीटर व्यासाचा, दीड मीटर नाभीय अंतराचा, सहा किलोहून थोडा जास्त वजनाचा. पुण्यातल्या एका हौशी निरीक्षकाने तो स्वतःसाठी घासला होता. शहर सोडून जाताना त्याने तो मला दिला. अंधाराला सरावलेल्या डोळ्याची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते. त्या हिशेबाने हा आरसा उघड्या डोळ्याच्या अठराशे पट प्रकाश गोळा करणार होता. शाळेत मुलांना हा आकडा मी मोठ्या तोऱ्यात सांगायचो. आरसा मात्र मलमलच्या फडक्यात गुंडाळून धोतरांच्या खाली ठेवलेला.

आरशांची आपल्याकडे एक परंपरा आहे. पुण्यात १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था सुरू झाली. पुढे आयुकाने दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या. महाराष्ट्रात गावोगाव असा एखादा शिक्षक, कारकून किंवा इंजिनीअर सापडतो, ज्याने पिंपाभोवती गोल गोल फिरत, काचेवर काच आणि मध्ये कार्बोरंडमची पूड घालून आरसा घासलेला असतो. मीही एकदा सहा इंची घासला होता. त्याबद्दल तासभर बोलायची माझी तयारी असते. पण त्या सहा इंचीची बैठक कशी होती विचाराल तर मी विषय बदलेन. लोखंडी पाइप जोडून केलेली ती तिवई होती. तिच्यावरून शाळेच्या मैदानात मी पोरांना शनी दाखवला. एका पोराने प्रामाणिकपणे सांगितलं, "सर, शनी नाचतो."

शनी का नाचतो ते आकड्यांत सांगता येतं. दुर्बीण दीडशे पट मोठं दाखवत असेल, तर ती तिच्यातली थरथरही दीडशे पट मोठी करते. एक कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा झटका बसला, तर डोळ्याला तो अडीच अंशांचा दिसतो. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा असतो. म्हणजे पाच चंद्र ओळीने ठेवल्यावर जेवढी जागा व्यापतील तेवढी ग्रहाने मारलेली उडी. आणि ही एक कला बैठकीवर केवढी? चौपन्न सेंटिमीटर व्यासाची तबकडी धरली, तर तिच्या काठावर मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी.

नुसतं घट्ट बसवून भागलं असतं तर काम सोपं होतं. सिमेंटचा खांब ओतायचा आणि त्यावर नळी आवळायची. पण पृथ्वी फिरते आणि आकाश ताशी १५ अंशांनी सरकत राहतं. दीडशे पट वर्धनात ग्रह एका काठाने शिरून दुसऱ्या काठाने बाहेर जायला साधारण दीड मिनिट लागतं. म्हणजे त्याच्यामागे नळी सतत ढकलत राहायची. पंचवीस किलोची नळी एका बोटाने केसभर हलली पाहिजे आणि बोट काढलं की जिथल्या तिथे थांबली पाहिजे.

मोठ्या वेधशाळांनी हे काम पूर्वी लोखंड आणि घड्याळाच्या चक्रांनी केलं. पुण्यात एकोणिसाव्या शतकात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा होती. प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी तिथे डब्लिनच्या ग्रब यांच्याकडून वीस इंची परावर्ती दुर्बीण आणवली होती. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. तसल्या दुर्बिणींच्या बैठकीचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवतात, मग एकाच दिशेने फिरवून तारा धरता येतो. येवल्याचा अक्षांश २० अंश. म्हणजे तो अक्ष इथे जमिनीपासून जेमतेम वीस अंश वर, जवळजवळ आडवाच. त्यावर पंचवीस किलो तोलायचे तर दुसऱ्या बाजूला तितकंच प्रतिवजन आणि खाली लेथवर कातलेलं लोखंड. माझ्या पगारात ते बसणारं नव्हतं.

ज्यांना ते परवडत नव्हतं अशांसाठी वाट काढली ती एका संन्याशाने. जॉन डॉब्सन १९१५ मध्ये पेकिंगमध्ये जन्मला, रसायनशास्त्र शिकला आणि १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या वेदान्त सोसायटीत, रामकृष्णांच्या परंपरेतल्या मठात दाखल झाला. संन्याशाजवळ पैसे कुठले? जहाजांच्या गोल खिडक्यांच्या टाकाऊ काचा घासून त्याने आरसे केले. नळी जाड पुठ्ठ्याची आणि बैठक म्हणजे प्लायवूडची पेटी. रात्री दुर्बीण ढकलत तो मठाबाहेर नेई आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून चंद्र दाखवी. १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला. पुढच्या वर्षी त्याने काही मुलांना बरोबर घेऊन फुटपाथवरून आकाश दाखवणाऱ्यांची संघटना काढली. २०१४ मध्ये तो गेला. त्याच्या बैठकीचं त्याने पेटंट घेतलं नाही. आज जगभर हौशी लोक मोठ्या दुर्बिणी त्याच पद्धतीने बसवतात.

ही बैठक समजायला आपल्याला जातं आठवलं तरी पुरे. खाली एक तळी, मधोमध खुंटा, वर दुसरी तळी. डॉब्सनच्या बैठकीत खालची तळी म्हणजे तीन पायांची गोल फळी, खुंट्याच्या जागी बोल्ट, आणि वरच्या तळीवर तीन बाजूंची उभी पेटी. ती जात्यासारखी आडवी फिरते. पेटीच्या दोन भिंतींना वर खोबणी असतात. नळीच्या दोन अंगांना लाकडी चकत्या बसवायच्या आणि त्या खोबणीत टेकवायच्या, की नळी तोफेसारखी खाली-वर होते. दोन तळ्यांच्या मध्ये टेफ्लॉनचे तीन तुकडे आणि चकत्यांखाली चार. बाकी काही नाही. चक्र नाही, बेअरिंग नाही, मोटर नाही.

काम करायला जागा हवी होती आणि घरात मोकळी म्हणता येईल अशी खोली एकच, मागाची. मोकळी ती अजून झाली नव्हती. खड्डामाग तसाच उभा होता, वर जुनी चादर टाकलेली. आण्णांना काचबिंदू आहे. विणकामामुळे झाला असं डॉक्टर म्हणाले नाहीत, पण कळायला मात्र विणकामामुळे उशीर झाला. काचबिंदू कडेकडेने नजर खातो आणि मधली शेवटपर्यंत ठेवतो. पैठणीच्या पदरावर काम करणाऱ्या माणसाची नजर मध्येच असते. मोराचा डोळा त्यांना व्यवस्थित दिसत होता, त्यामुळे बाजूचं जग गेल्याचं त्यांना कळलंच नाही. एकदा रस्त्यात डाव्या अंगाने आलेली मोटरसायकल दिसली नाही, तेव्हा कळलं. सहा वर्षांपूर्वी त्यांनी विणणं थांबवलं. आमच्याकडे अशा वेळी म्हणतात, बैठक मोडली.

माग काढायचं मी कधी बोललो नाही. बोलायची हिंमत नव्हती. एका रविवारी सकाळी तेच म्हणाले, "चल, माग उतरवू. तुझ्या पेटीला जागा पाहिजे ना?"

दिवसभर आम्ही दोघं माग सोडवत होतो. ते खड्ड्याच्या काठावर बसून सांगत होते आणि मी करत होतो. हे आधी नाही, ते आधी. ठोकू नको, हलव, आपोआप सुटेल. प्रत्येक लाकूड बाहेर आलं की ते जवळ घ्यायचे, खडूने काहीतरी खूण करायचे आणि भिंतीला लावून ठेवायला सांगायचे. फणी आणि धोटे त्यांनी स्वतः फडक्यात बांधले. संध्याकाळी सगळं माळ्यावर गेलं. दुसऱ्या आठवड्यात खड्डा मुरूम टाकून भरला, वर कोबा केला. मुरूम नीट धुमसला गेला नसावा. महिन्याभरात त्या जागी कोबा चांगला बोटभर खचला.

मिस्त्री आमच्याच गल्लीतले. पतंगाच्या दोऱ्याच्या चक्रीला आम्ही येवल्यात आसारी म्हणतो. संक्रांतीच्या आधी दोन महिने ते आसाऱ्या करतात आणि बाकी वर्षभर दारं-खिडक्या. चांगली आसारी म्हणजे काय ते इथल्या पोरासोरांना माहीत असतं. ढील देताना ती हातात गरगर सुटली पाहिजे आणि हाताने दाबली की तिथेच थांबली पाहिजे. मिस्त्रींना दुर्बिणीची बैठक समजावून सांगायला मला पाच मिनिटं लागली.

माझ्या मनात एक भाबडी कल्पना होती. मागाचं सागवान घ्यायचं आणि त्याच्या चकत्या करून नळी त्यावर तोलायची. आण्णांना बरं वाटेल, मलाही लिहायला-बोलायला काही होईल. मिस्त्रींनी एक तुळई हातात घेऊन उलटी-पालटी केली आणि परत ठेवली.

"सर, लाकूड झकास आहे, पण ह्याच्या चकत्या करू नका. पावसाळ्यात हे रेषांच्या आडवं फुगतं, उभं फुगत नाही. तुम्हाला गोल पायजे, तो वर्षभरात अंड्यावाणी होईल."

त्यांचं बरोबर होतं. प्लायवूडमध्ये एकाआड एक थर काटकोनात चिकटवलेले असतात, त्यामुळे एका थराची ओढ दुसरा थर रोखून धरतो. आम्ही अठरा मिलिमीटरचं मरीन प्लाय आणलं, आयएस ७१० चा शिक्का असलेलं. दोन्ही चकत्या एकावर एक खिळवून एकदमच कापल्या, म्हणजे चूक झाली तरी दोन्हींत सारखी. नळी कूलर बनवणाऱ्याकडून गॅल्व्हनाइज्ड पत्रा वाकवून घेतली होती. तिच्यात आरसा बसवून ती जमिनीवर आडव्या ठेवलेल्या झाडूच्या दांड्यावर तोलली आणि जिथे तोल साधला तिथे पेन्सिलने रेघ मारली. चकत्यांचा मध्य बरोबर त्या रेघेवर यायला हवा. नाहीतर नळी हात सोडताच एकीकडे झुकते. त्या रेघेपासून नळीच्या बुडापर्यंतचं अंतर अधिक दोन बोटं, ही पेटीच्या भिंतींची उंची. बैठकीतलं प्रत्येक माप असं दुसऱ्या कशावरून तरी निघतं, मनाने एकही ठरवता येत नाही.

सागवानाचा उपयोग एकाच ठिकाणी झाला. तीन पाय. चार पायांचं काहीही खचलेल्या कोब्यावर डुगडुगतं, तीन पायांचं डुगडुगू शकत नाही. हे पाय वरच्या टेफ्लॉनच्या तुकड्यांच्या बरोबर खाली यावे लागतात, म्हणजे वजन सरळ जमिनीत उतरतं आणि मधली फळी वाकत नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी आम्ही बैठक जोडली. तळी ठेवली, टेफ्लॉनचे तुकडे बसवले, स्क्रूची डोकी आत खोल बुडवली कारण डोकं वर राहिलं तर ते सनमायका ओरबाडतं. पेटी वर ठेवली, बोल्ट आवळला. मिस्त्रींनी आणि मी नळी उचलून खोबणीत सोडली. ती शांत बसली. आईने हळदकुंकू लावलं. मी नळीच्या तोंडाला बोट लावून ढकललं.

काही झालं नाही. थोडं जास्त ढकललं. काही नाही. आणखी थोडं, आणि नळी एकदम हातभर पुढे गेली.

पुढचे दहा दिवस माझे त्या एका धक्क्यात गेले. हलकेच ढकललं तर हलायचं नाही आणि हललं की उडी मारायचं. तारा मध्यावर आणायला जावं तर तो एका उडीत ह्या काठाला नाहीतर त्या काठाला. मिस्त्रींनी मेणबत्ती घासली. एक संध्याकाळ बरं वाटलं. मग मेणाने धूळ धरली आणि पहिल्यापेक्षा वाईट झालं. मी टेफ्लॉनचे तुकडे मुद्दाम मोठे घेतले होते, सात बाय सातचे. मोठा तुकडा म्हणजे जास्त घसरडं, असा माझा समज. सनमायका मिस्त्रींनी आरशासारखा गुळगुळीत आणला होता, कारण गुळगुळीत म्हणजे घसरणार, असा त्यांचा समज. आम्ही दोघंही आपापल्या परीने चांगलंच वागलो होतो.

अकराव्या दिवशी आण्णा येऊन उभे राहिले. म्हणाले, "दिवा बंद कर." त्यांना दिव्याचा तसाही उपयोग थोडा. त्यांनी नळीला तळहात लावला आणि बराच वेळ नुसता लावून ठेवला. मग ढकलायला लागले, थांबले, परत ढकलायला लागले.

"ह्याला दोन जीव आहेत," ते म्हणाले. "सुटतानाचा वेगळा, चालतानाचा वेगळा. ताणा असा सुटला तर धागा तुटतो. सुटला ते कळू नये, असा सुटायला पाहिजे."

मी नववीच्या वर्गाला दर वर्षी स्थितिक घर्षण आणि गतिक घर्षण शिकवतो. फळ्यावर आकृती काढतो, बाण काढतो. वस्तू हलवायला लागणारं बळ हे ती हलती ठेवायला लागणाऱ्या बळापेक्षा जास्त असतं, हे वाक्य पोरांकडून पाठ करून घेतो. दहा दिवस माझ्यासमोर तेच वाक्य उभं होतं आणि मी त्याला मेण लावत होतो.

त्यांचं अजून संपलं नव्हतं. "आणि वर-खाली हे सोपं जातंय, आडवं जड आहे. तुझा तारा तिरपा चालतो ना? मग तुझी नक्षी पायऱ्यांची होणार."

ही गोष्ट पैठणी विणणाऱ्याला सांगावी लागत नाही. ताणा उभा, बाणा आडवा; तिरकी रेघ विणायला तिसरा धागा नसतो. मोराच्या मानेचा बाक जवळून पाहिला तर बारीक पायऱ्याच असतात. पायऱ्या जितक्या बारीक आणि सारख्या, तितकी मान लवचिक दिसते. डॉब्सनची बैठकही दोनच दिशांना फिरते, आडवी आणि उभी. आकाशातली तिरकी वाट तिला त्या दोनांतून विणावी लागते. दोन्हींना लागणारा जोर सारखा असेल तर हात सरळ तिरका जातो. एक जड आणि एक हलकी असेल तर हात नकळत हलक्या बाजूला पळतो, मग थांबतो, मग जड बाजूला उडी मारतो.

त्यानंतर सगळं भराभर झालं, कारण काय शोधायचं ते कळलं होतं. गुळगुळीत सनमायका काढून खडबडीत पोताचा लावला. टेफ्लॉन अशा बारीक उंचवट्यांवर जास्त समंजसपणे वागतो. तिथे सुटतानाचा आणि चालतानाचा जोर जवळजवळ सारखा येतो. तुकडे छोटे केले. टेफ्लॉनची ही गंमत पाठ्यपुस्तकाच्या उलटी आहे. त्याच्यावर दाब वाढला की त्याचं घर्षण त्या प्रमाणात वाढत नाही, तुलनेने कमी होतं. दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो, हा अनुभवाने ठरलेला हिशेब. आमचं सगळं मिळून पंचेचाळीस किलो, तीन तुकड्यांवर पंधरा-पंधरा. म्हणजे तुकडा चार बाय चारचा पुरे. मी जवळपास तिप्पट मोठे लावले होते. मधला बोल्टही मी जिवापाड आवळला होता. त्याचं काम फक्त पेटी जागेवरून सरकू न देण्याचं, दाबण्याचं नाही. जात्याचा खुंटा कुणी आवळत नाही. वरच्या दिशेने नळी फार हलकी जात होती म्हणून चकत्यांखालचे तुकडे एकमेकांपासून थोडे लांब सरकवले. ते लांब गेले की चकती पाचरीसारखी त्यांच्यात रुतते आणि घर्षण वाढतं. घर्षण वाढवण्यासाठी मी आयुष्यात पहिल्यांदा खटपट करत होतो. प्रत्येक बदलानंतर आण्णा तळहात लावून सांगायचे, "अजून थोडं." एका संध्याकाळी ते काहीच बोलले नाहीत, नुसती नळी इकडून तिकडे नेत राहिले. तेव्हा झालं असं आम्ही समजलो.

संक्रांत आली. आमच्याकडे भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस अख्खं गाव गच्चीवर असतं. हलकडी वाजत असते, पोरं घसा फुटेपर्यंत ओरडत असतात. प्रेक्षक आयतेच मिळतील म्हणून १४ जानेवारीच्या संध्याकाळी दुर्बीण गच्चीवर चढवली. बैठक आठ बोल्ट काढले की फळ्यांमध्ये सुटते, तेवढं शहाणपण आधीच केलं होतं.

पश्चिमेला शनी होता. पोरांची रांग लागली. पहिल्याने पाहिलं आणि म्हणाला, "कडी कुठंय?" दुसराही तेच म्हणाला. शनीची कडी दर चौदा-पंधरा वर्षांनी आपल्याला काठावरून दिसतात. मार्च २०२५ मध्ये पृथ्वी त्यांच्या पातळीतून गेली होती आणि ह्या हिवाळ्यात ती अजून नीट उघडलेली नव्हती. गोळ्याच्या आरपार खुपसलेल्या सुईसारखी एक रेघ दिसत होती. मी हे समजावून सांगत होतो, पण पुस्तकातल्या चित्राने पोरांचा माझ्यावरचा विश्वास उडवला होता. मग दुर्बीण पूर्वेला गुरूकडे वळवली. गुरू तेव्हा अगदी भरात होता, चार दिवसांपूर्वीच सूर्याच्या बरोबर समोर आलेला. तो दिसला आणि नाचायला लागला.

दहा दिवस घासून-पुसून केलेली बैठक, आणि गुरू नाचतोय! मी बोल्ट तपासले, तुकडे तपासले. सगळं ठीक होतं. शेवटी लक्षात आलं की शेजारच्या गच्चीवर तीसएक पोरं हलकडीवर नाचताहेत, आणि आमच्या दोन घरांची मधली भिंत एकच आहे. गच्चीचा स्लॅब म्हणजे वर ताणलेलं चामडंच. बैठकीची बैठक मी विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी करीच्या रात्री दुर्बीण खाली परसात मांडली, मातीवर. गाव थकून झोपायच्या बेतात होतं. नळीवर टिचकी मारून मनात मोजलं. एक म्हणेपर्यंत गुरू स्थिर. त्याच्यावरचे पट्टे दिसत होते आणि दोन्ही अंगांना एका ओळीत त्याचे चंद्र.

आण्णा दहाच्या सुमारास आले. नेत्रिकेला डोळा लावायला त्यांना वेळ लागला, मी त्यांचं डोकं धरून हलकेच वळवलं. नंतर ते काही बोलेनात. दीड मिनिटाने गुरू निघून जाईल आणि मला परत लावून द्यावा लागेल, म्हणून मी बाजूला तयार होतो. दीड मिनिट गेलं, दोन गेली. त्यांचा उजवा हात नळीच्या कडेला होता, तळहात टेकवलेला. तो हलताना मला दिसत नव्हता. पण नळी चालत होती.

"दिसतोय अजून?" मी विचारलं.

"दिसतोय ना. मीच नेतोय त्याला."

मग बऱ्याच वेळाने, डोळा न काढता ते म्हणाले, "बरं आहे हे. ह्याच्यातून सगळ्यांनाच एवढंच दिसत असेल ना? गोल, आणि कडेला काळं?"

मी हो म्हणालो. त्यांना गेली सहा वर्षं जग तसंच दिसतंय, हे मला त्या क्षणापर्यंत नुसतं माहीत होतं.

बारा वाजून गेल्यावर गुरू डोक्यावर आला. येवल्याच्या अक्षांशाला ह्या वर्षीचा गुरू मध्यरात्री अगदी माथ्यावर येत होता, जेमतेम दोन-अडीच अंश उत्तरेला. तिथे डॉब्सनच्या बैठकीचं काही चालत नाही. नळी सरळ उभी असते, तिला आडवं फिरवायला हाताला तरफच मिळत नाही. ग्रह मात्र माथ्याजवळून जाताना दिशा भराभर बदलतो, त्यामुळे पेटी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त फिरवावी लागते. मी नळीला मिठी मारून गोल फिरत होतो आणि गुरू सतत निसटत होता. आण्णा खाटेवरून म्हणाले, "सोड की. थोडा खाली उतरू दे त्याला." चूक दुरुस्त करण्यासारखी नव्हती. ती ह्या बैठकीची जातच आहे. आम्ही तासभर चहा पीत बसलो. गुरू पश्चिमेला कलला, तेव्हा परत लावला.

पहाटे दुर्बीण उलगडली. मी बोल्ट काढत होतो, आण्णा फळ्या हातात घेत होते. मी आत नळी ठेवून आलो तर ते परसातल्या दिव्याखाली बसले होते आणि प्रत्येक फळीच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात, खडूने आकडा टाकत होते. कुठली फळी कुठल्या फळीला भिडते तिथे दोन्हींवर सारखी खूण.

"परत जोडताना शोधायला नको," ते म्हणाले.

फळ्या ठेवायला मी माळ्यावर चढलो. टॉर्चच्या उजेडात मागाची लाकडं एका बाजूला रचलेली होती. त्यांच्यावरचे आकडे त्या रविवारी मी नीट पाहिलेच नव्हते. एक ते सव्वीस. जिथे जोड यायचा तिथे दोन्ही लाकडांवर सारखी खूण. मी फळ्या त्यांच्या शेजारी रचल्या, खडू पुसला जाणार नाही अशा बेताने, आणि खाली आलो.